सोन्यासारखी केस

धाकटीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सगळी गल्ली म्हणे, आणि गल्लीचं काही चुकत नव्हतं. इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईनं थंड डोक्यानं राहायचं तरी कसं? दिवसभर तापल्या लोखंडाशी गाठ, आणि गिऱ्हाइकं अशी, की सुरकुती राहिली तरी बोंब आणि कॉलर कडक झाली तरी बोंब. पण त्या दिवशी मेडिकल कॉलेजात तिला जो राग आला तो असला रोजचा चिल्लर राग नव्हता. तो आला तो आलाच, आणि अजून उतरलेला नाही. का म्हणून उतरावा?

तिची थोरली बहीण अक्का म्हणजे अगदी निराळं प्रकरण. आई लवकर गेली तेव्हा धाकटीला अक्कानंच वाढवलं, आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न वगैरे राहूनच गेलं. शिंप्याकडून कपडे आणायचे, घरी बसून हूक-गुंड्या लावायच्या, आणि भेटेल त्याची विचारपूस करायची, असा तिचा दिवस. वीज तोडायला आलेल्या माणसालाही ती आधी पाणी विचारणार. धाकटी म्हणायची, "अक्का, तुला कुणी शिजवून खाल्लं ना, तरी तू विचारशील, मीठ बरोबर पडलंय का म्हणून."

सात-आठ वर्षांपूर्वी कॉलेजनं त्यांच्या वस्तीत आरोग्य शिबिर भरवलं होतं. 'आरोग्य सर्वांसाठी' असा भलामोठा फलक, खाली मांडव, मांडवात ओळीनं टेबलं. एका तरुण डॉक्टरनं अक्काच्या छातीला नळी लावली आणि त्याचा चेहरा असा उजळला, की जणू नळीतून गाणं ऐकू आलं. त्यानं शेजारच्याला बोलावलं, शेजारच्यानं आणखी दोघांना. सगळ्यांनी आळीपाळीनं ऐकलं. फोटो काढले. अक्काला वाटलं, आपलं काहीतरी फारच चांगलं निघालेलं दिसतंय.

मग परीक्षांचे दिवस आले आणि दारात केसवाले मामा उभे राहिले. झालं होतं असं, की डॉक्टरकीच्या परीक्षेला खरा रुग्ण लागतो. मुलानं त्याला तपासायचं, आजार ओळखायचा, परीक्षकाला सांगायचा. ज्याचा आजार ठसठशीत ऐकू येतो, हाताला लागतो, असे रुग्ण शोधून परीक्षेला आणायचं काम या मामांकडे. दवाखान्याच्या बोलीत रुग्णाला केस म्हणतात, म्हणून हे केसवाले. गल्लीतल्या पोरांना आधी वाटलं, हा माणूस टक्कलवाल्यांना टोप विकत फिरतो.

तेव्हापासून अक्का दर वर्षी परीक्षेला जाऊ लागली. जायची-यायची रिक्षा, चहा-बिस्किटं, आणि दिवसभर 'जरा डाव्या कुशीवर वळा हं, अक्का'. घरी आली की मोठ्या अभिमानानं सांगायची, "आज मोठ्या सरांनीसुद्धा ऐकलं." मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. आणि दम लागतो, रात्री उशी उंच घ्यावी लागते, म्हणून धाकटीनं दवाखान्याच्या रांगेत उभं राहा म्हटलं, की अक्काचं उत्तर तयार. "रांगेत कशाला? वर्षाकाठी तीस-चाळीस डॉक्टर माझी छाती ऐकतात. वाईट काही असतं तर एक तरी बोलला असता की नाही?"

धाकटीलाही हे पटायचं. कुणाला पटलं नसतं? वस्तीतल्या बाकीच्यांना एक डॉक्टर धड मिळत नव्हता, आणि अक्काच्या उशा-पायथ्याशी डॉक्टरांची रीघ. नशीबवान म्हणायची गल्ली तिला. दम लागायचा तो वयानं, जिन्यानं, हवेनं.

या वर्षी मात्र परीक्षेला निघताना अक्का घराच्या जिन्यातच खाली बसली. ओठ निळसर दिसत होते. धाकटीनं दुकानाचं दार ओढलं, कॉलेजच्या हॉस्टेलवरून आलेला ॲप्रनांचा गठ्ठा तसाच टाकला आणि ती बरोबर निघाली.

परीक्षेसाठी एक अख्खा वॉर्ड रिकामा केला होता. खाटांमध्ये हिरवे पडदे, खाटेच्या पायाला नंबराची चिठ्ठी. अक्काला गाऊन चढवून खाटेवर निजवलं आणि धाकटी पडद्याबाहेरच्या स्टुलावर बसली. एकामागून एक मुलं आत जात होती, डॉक्टरी भाषेत काही पुटपुटत होती, परीक्षक हुंकार देत होते. धाकटीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर्षानुवर्षं अक्कालाही कळलं नसणार.

पण यंदा कॉलेजात एक नवा नियम आला होता. नुसतं निदान करून भागणार नाही, रुग्णाला त्याचा आजार त्याच्या भाषेत, सोपा करून सांगायचा, आणि त्याचे वेगळे मार्क. नियम चांगलाच होता हो. करणाऱ्यांना ते सोपं सांगणं कुणाच्या कानावर पडणार हे सुचलं नाही, इतकंच.

एक चष्मेवाली मुलगी आत गेली. तिचं तपासून झाल्यावर परीक्षकांचा आवाज आला, "आता समजा, ही तुमची रुग्ण आहे. तिला समजावून सांगा."

समजा!

मुलगी घसा खाकरून बोलू लागली. "अक्का, लहानपणी तुम्हाला घसा धरून ताप आला होता ना, सांधे सुजले होते? त्या आजारानं तुमच्या हृदयातली एक झडप खराब झाली. दार गंजून अर्धवटच उघडावं तसं झालंय. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात साचतं, म्हणून दम लागतो. नुसत्या गोळ्यांनी हे दार उघडणार नाही. मांडीच्या नसेतून बारीक नळी घालून, फुग्यानं ते उघडता येतं. पण ते लवकर करायला हवं. उशीर केला तर झडप कडक होते, आणि मग जिवाला धोका असतो."

"छान सांगितलंस गं पोरी," अक्काचा आवाज आला. "अगदी घरच्यासारखं. उगाच घाबरत होतीस."

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "पुढचा विद्यार्थी."

धाकटी पडदा सारून आत गेली. "हे खरं आहे का?"

"आपण कोण?"

"तिची बहीण. ही आत्ता बोलली ते खरं आहे, की परीक्षेपुरतं?"

"बाई, परीक्षा चालू आहे. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं."

"मी हिला विचारतेय. खरं आहे का गं?"

मुलीनं परीक्षकांकडे पाहिलं, मग अक्काकडे. "खरं आहे," ती म्हणाली. आणि मग तिच्याच मनात काहीतरी चमकलं असावं. "पण तुमचे उपचार चालू असतील ना?"

अक्का हसली. "चालू आहेत की. दर वर्षी येते ना मी."

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. परीक्षकांनी हातातला कागद उगाचच उलटा करून पाहिला. आणि धाकटीच्या डोक्यात जे काही होतं ते एकदम पेटलं. तीस-चाळीस पोरं दर वर्षी. प्रत्येकानं हेच सांगितलं असणार, कारण बरोबर उत्तर हेच होतं. तिच्या बहिणीला लवकर बरं करायला हवं, हे सांगून प्रत्येकानं मार्क घेतले आणि तो घरी पेढे न्यायला मोकळा झाला.

"अक्का, ऊठ." तिनं गाऊनच्या नाड्या करकचून बांधल्या. "संपली परीक्षा."

"अगं, पोरांचं वर्ष जाईल," अक्का कळवळली.

"आणि तुझं आयुष्य जातंय त्याचं काय?"

आवाज ऐकून परीक्षेची व्यवस्था बघणाऱ्या मॅडम धावत आल्या. "अहो बाई, अजून निम्मी मुलं राहिलीत!"

"त्यांना माझी छाती द्या. चांगली धडधडतेय."

मग मोठे सर आले. मोठ्या माणसांचा एक शांत आवाज असतो, समोरच्याला आपणच वेडे आहोत असं वाटायला लावणारा. त्या आवाजात ते म्हणाले, "हे बघा, गैरसमज होतोय. हा आजार आता चांगल्या घरांतून दिसतच नाही. मुलांना असा आवाज ऐकायला मिळत नाही. तुमची बहीण म्हणजे सोन्यासारखी केस आहे. आम्हाला त्यांची किंमत आहे."

"सोनं असतं तर जपून ठेवलं असतंत. तुम्ही नुसतं वाजवून बघितलंत. हिला औषध कुणी द्यायचं होतं?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्ही हृदयविभागात पाठवलं असेल."

"मला वाटलं, सर, तिकडूनच त्या आपल्याकडे आल्यात."

मॅडमनी दाराशी उभ्या केसवाल्या मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "माझं काम आणायचं आणि पोचवायचं."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. इथे सगळेच संन्यासी निघाले.

सर सावरले. "आम्ही वस्तीसाठी काहीच करत नाही असं नाही. शिबिरं घेतो. वस्तीतल्या हृदयरोगावर आमचं मोठं संशोधन झालंय, परदेशातल्या परिषदेत वाचलं. तुमच्या बहिणीची नोंद आहे त्यात."

"संशोधनात आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता पार व्हरांड्यापर्यंत जात होता. "परीक्षेत आहे. शिबिराच्या फोटोत आहे. दवाखान्यात कुठं आहे ती? सांगा ना. वस्तीत आलात तेव्हा मांडव घातलात, फलक लावलात. कसाई तरी बकऱ्याला आधी चारा घालतो हो, तुम्ही बिस्किटांवर भागवलंत!"

"भाषा सांभाळा."

"भाषा तुमची सांभाळा. सात-आठ वर्षं आमच्यासमोर आमच्याच आजाराचं आम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोललात. आज चुकून कळेल असं बोललात, म्हणून पकडले गेलात."

आणि ती वॉर्डाच्या दारात फतकल मारून बसली. "हिची तपासणी आत्ता होणार. तोवर इथून मी हलत नाही, आणि कुणाला आतही सोडत नाही." परीक्षकांच्या घड्याळाला घाई होती, दाराबाहेर ॲप्रन घातलेली पोरं ताटकळत होती. सरांनी फोन उचलला.

हृदयविभाग त्याच मजल्यावर होता. मधे फक्त एक व्हरांडा. इतक्या वर्षांत अक्काला तो व्हरांडा कुणी ओलांडून दिला नव्हता. चाकाच्या खुर्चीतून तिला नेताना बाकांवर बसलेल्या बाकीच्या केसेस बघत होत्या. फुगलेल्या पोटाच्या एका आजोबांनी विचारलं, "यांचा नंबर एवढ्यात झाला?"

"आजोबा, तुमच्या पोटाला औषध काय चालू आहे?" धाकटीनं चालता चालता विचारलं.

"औषध?" आजोबा गोंधळले. "मी परीक्षेला आलोय."

धाकटीनं खुर्ची थांबवली. मागे येणाऱ्या मॅडमकडे तिनं असं पाहिलं, की मॅडमनी मुकाट्यानं आजोबांचं नाव विचारून हातावर लिहून घेतलं.

हृदयविभागातला डॉक्टर तरुण होता, दाढी राखलेला. अक्काला खाटेवर निजवून, छातीवर थंडगार मलम लावून तो यंत्राच्या पडद्यावरचं चित्र बराच वेळ बघत राहिला. बोलला तेही पडद्याकडेच बघून. "झडप दगडासारखी झालीय. फुग्यानं आता उघडणार नाही. छाती उघडून बदलावी लागेल. फुप्फुसांवरही ताण आलाय, म्हणजे ऑपरेशनला धोका आहे. बराच आहे."

"आधी आलो असतो तर?" धाकटीनं विचारलं.

"पाच-सहा वर्षांपूर्वी फुग्यानं काम झालं असतं. दोन दिवसांत घरी."

धाकटीनं खुर्चीची पाठ धरली. हिनं मला न्हाऊ घातलं, हिनं मला शाळेत सोडलं, आणि मी हिला दर वर्षी रिक्षात बसवून देत होते, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

अक्का डॉक्टरकडे टक लावून बघत होती. "तुला मी ओळखते रे," ती म्हणाली. "तेव्हा दाढी नव्हती. घामानं डबडबला होतास. मीच डाव्या कुशीवर वळले, म्हटलं, आता ऐक, आता नीट ऐकू येईल."

डॉक्टरनं पहिल्यांदाच मान वळवली. "हो," तो हळूच म्हणाला. "माझ्या शेवटच्या परीक्षेला तुम्हीच होता."

"मग काय सांगितलं होतंस तू परीक्षकांना?"

त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. अक्का वाट बघत राहिली. तिला दम लागला होता, तरी ती वाट बघत राहिली.

"झडप अरुंद झालीय," तो शेवटी म्हणाला. "फुग्यानं उघडायला हवी."

"लवकर?"

"लवकर."

"आणि मग काय झालं?"

"मी पास झालो."

धाकटी पुढे सरसावली, पण अक्कानं हात आडवा घातला. ती कोपरावर रेलून उठून बसली. तिचा आवाज चढला, आणि तो चढलेला धाकटीनं जन्मात कधी ऐकला नव्हता.

"तुझं पास होणं मी विचारत नाहीये. माझं ऑपरेशन कधी करणार ते सांग. तारीख सांग. धोका माझा मी बघते. तारीख कळल्याशिवाय मी या खाटेवरून उठायची नाही, आणि तुमच्यापैकी एकानंही माझ्या छातीला आता नळी लावायची नाही."