कुंपणावरचे एकोणीस रोगी

काय, टोचतंय का? टोचणारच. मी घोंगडी बोलतेय. सोलापूरच्या वेशीबाहेरच्या धनगरवस्तीत विणलेली, काळ्या मेंढीच्या लोकरीची. शाल येते ती गोड बोलत येते, आम्ही आल्या आल्या ओरबाडतो आणि मग रात्रभर ऊब देतो. त्यातून कुठलंही काम रेंगाळलं की तुम्ही माणसं त्याला खुशाल 'भिजत घोंगडं' म्हणता. भिजत ठेवणार तुम्ही आणि बदनामी आमची! असो.

माझ्या वाट्याला जे आलं ते दुसऱ्या कुठल्या घोंगडीच्या वाट्याला आलं नसेल. मी प्लेगची रोगी होते. अंगात ताप नाही, काखेत गाठ नाही, पण म्युन्शिपालटीच्या हिशेबी पक्की रोगी. आणि माझ्याबरोबर माझ्या अठरा बहिणी.

सुरुवातीपासून सांगते. माझी लोकर धुळा धनगराच्या कळपातली. त्याने ती कातरली, पिंजली आणि त्याच्या लेकीने, कस्तुराने, दारातल्या लिंबाखाली बसून चरख्यावर सूत काढलं. सूत काढताना पोरगी गालातल्या गालात हसायची. तिचं लग्न केमच्या मायाप्पाच्या मुलाशी, सिद्धनाथाशी ठरलं होतं आणि नवरानवरीला बसायला जी घोंगडी लागते ती मीच होणार होते. म्हणून माझा पन्हा मोठा धरला होता. बाकीच्या बहिणी वैरागच्या बाजारात जायच्या होत्या.

विणून झालं की आम्हांला पाण्यातून काढून उन्हात टाकतात. सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असते, तिचा ओला आंबूस वास सुटतो. तसा तो वाईट नाही, पण नव्या माणसाला मळमळतं. तर माघातल्या एका सकाळी म्हाळसाबाईने, म्हणजे धुळाच्या बायकोने, आम्हा एकोणीस जणींना काटेरी कुंपणावर ओळीने वाळत घातलं आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली.

त्याच दिवसांत शहरात प्लेग शिरला होता. उंदीर पडत होते, पेठांतली माणसं घरं सोडून माळावर झोपड्या टाकत होती, बाजार बंद झाला होता. रोगी किती हे मोजायला म्युन्शिपालटीने रेवणप्पा नावाचा कारकून नेमला होता. बिचारा घरोघर जाई, तर लोक दाराला कडी लावत. आजाऱ्याला कणगीत लपवत. मग शहरात दवंडी पिटली की ज्याच्या घरी आजारी असेल त्याने त्याचं अंथरूण दारात उन्हाला टाकावं, म्हणजे कारकून बाहेरूनच मोजून जाईल. युक्ती खरंच चांगली होती. फक्त दवंडीवाला आमच्या वस्तीपर्यंत पोचलाच नाही. ओढ्यापाशी धुळाची कुत्री त्याच्यावर धावून गेली आणि तो तिथूनच माघारी फिरला.

रेवणप्पालाही त्याच कुत्र्यांनी अडवलं. ओढ्याच्या पलीकडे उभं राहून त्याने नाकाला रुमाल लावला, आमच्याकडे बघितलं आणि बोटाने हवेत एकेक टिंब देत गेला. शेवटचं टिंब माझं. मला वाटलं, गिऱ्हाईक आलंय. मी जरा ऐटीतच उन्हाला पाठ दिली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर दोरी लागली आणि दोरीपाशी शिपाई बसला. आतला बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही.

"अवं, झालंय काय?" म्हाळसाबाईने शिपायाला विचारलं.

"तुमच्या वस्तीत एकोणीस जणांना प्लेग हाय."

"कुणाला?"

"ते मला काय ठावं? चौकातल्या फळ्यावर लिवलंय."

म्हाळसाबाईने घरातली माणसं मोजली, शेजारची मोजली, मेंढरांमागचे गडी मोजले. सगळी वस्ती धरूनही एकोणीस डोकी भरेनात. "आता काय पावणी-रावळी बी आजारी पाडायची का काय," म्हणून ती हसली. पण तिचं हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं. त्या दिवशी मायाप्पा केमहून गाडीने आला तो ओढ्याच्या पलीकडेच थांबला. स्टेशनापासून इथवर जो भेटला त्याने त्याला एकोणिसाचा आकडा ऐकवला होता.

"धुळापाव्हणं!" तो तिकडूनच ओरडला. "ह्ये लगीन न्हाय व्हायचं. माझं एकच पोरगं हाय."

"अवं, हितं समदी धडधाकट हायती! या की, बगा डोळ्यांनी."

"मी न्हाय येत. फळ्यावरचा आकडा पुसू द्या, मग बगू. न्हायतर मी दुसरी सोयरीक बगतो. उद्या दुपारच्या गाडीपतुर हाय मी धर्मशाळेत."

कस्तुरा लिंबाखाली उभी राहून सगळं ऐकत होती. तिने मला कुंपणावरून ओढलं, घडी घातली आणि घडीत तोंड खुपसून रडली. माझ्या टोचण्याची मला आयुष्यात एकदाच लाज वाटली ती तेव्हा.

सकाळी धुळाने माझी खोळ करून डोक्यावर घेतली आणि तो खालच्या अंगाने, शेराच्या झुडपांतून ओढा ओलांडून शहरात गेला. नियम मोडला म्हणा हवं तर. बापाचा जीव होता.

चौकात तो फळा होता आणि फळ्यासमोर ही गर्दी! बाजार बंद, गिरणीच्या निम्म्या पाळ्या बंद, मग माणसांना दुसरं काम काय? तुम्हा माणसांची एक गंमत मी तेव्हा पाहिली. ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याला खरा वाटत होता. कापडाचा एक दुकानदार म्हणत होता, "एवढे रोगी असतील तर दिसत का नाहीत? आकडा फुगवायचा आणि दुकानं बंद पाडायची, दुसरं काय!" लगेच एक गिरणीवाला उसळला, "फुगवत न्हाईत, दाबत्यात! आमच्या चाळीतले धरलेच न्हाईत." कुणाच्या मते औषधवाल्यांचं कारस्थान होतं, कुणाच्या मते साहेबाचं. एकजण तर छातीवर हात मारून सांगत होता, "धनगरवस्तीत एकोणीस म्हंत्यात, खरे पन्नास हायती. त्यो धुळा धनगर न्हाय का, त्यो काल गेला. मी सोता बगितला."

"कसा गेला?" धुळाने विचारलं.

"तडफडून. लई वाईट."

"अन् बायकू?"

"ती बी जाईल आता."

"मग मला भूक का लागतीया?" खोळ मागे सारत धुळा म्हणाला. "मीच धुळा."

काय सांगू! फळ्यासमोर क्षणात एवढी जागा झाली की तिथे कळप बसवता आला असता. दुकानदार एका उडीत स्वतःच्या ओट्यावर. सांगणारा गडी तर कुठे गेला तो दिसलाच नाही. उरला एकटा रेवणप्पा, हातात खडू घेऊन. पळावंसं त्यालाही वाटत होतं, पण फळा सोडून जाणार कुठे?

"रावसाब," धुळा हात जोडून म्हणाला, "माजी एकोणीस माणसं कोणती, तेवडी दावा. माज्या पोरीचं लगीन मोडतंया."

"हे बघा, मी मोजलंय की हो. तुमच्या कुंपणावर एकोणीस अंथरुणं होती. त्यातलं एक तर..." रेवणप्पाची नजर माझ्यावर आली. "हेच होतं. हे रुंद."

धुळाने मला बघितलं, रेवणप्पाला बघितलं आणि मग तो असा हसला की ओट्यावरची माणसंही दबकत खाली उतरली. "रावसाब, ह्या इकायच्या घोंगड्या! खळीच्या वाळत घातल्या व्हत्या!"

मग काय विचारता. चौकात हसण्याचा गदारोळ उठला. "घोंगड्यांना प्लेग! घोंगड्यांना प्लेग!" दुकानदाराला तर स्वर्ग दोन बोटं उरला. तो फळ्यापाशी येऊन ओरडला, "ऐकलंत? हे असले यांचे आकडे! सगळे घोंगड्यांचेच! पुसा तो फळा, आजच बाजार उघडा!" लोकांनी त्याची री ओढली. कुणी धुळाला खांद्यावर घ्यायला धावलं. मघाशी त्याला मेला म्हणून सांगणारी हीच माणसं. रेवणप्पा मान खाली घालून उभा होता. त्याच्या हातातला खडू मोडला होता.

मला वाटलं, धुळा आता मिरवून घेणार. फुकटचा मान कुणाला नको? शिवाय सगळंच उघडलं असतं तर त्याचं लग्नही वाजतगाजत झालं असतं. पण तो खांद्यावर चढला नाही.

"शेटजी, थांबा," तो म्हणाला. "माज्या घरचा आकडा खोटा म्हून समद्यांचाच खोटा व्हतूय व्हय? येताना मी विणकरांच्या पेठेतनं आलो. तितं एक सावित्रम्मा हाय, तिच्या दारात वाकळ हाय उन्हाला. तिच्या लेकाची हाय ती. ती बाई दारात डोकं धरून बसलीया. तिला जाऊन सांगा की घोंगड्यांना प्लेग झालाय म्हून. हसती का बगा."

गिरणीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. दुकानदार काहीतरी पुटपुटत घरात गेला. रेवणप्पाने आमचा आकडा पुसला, बाकीचे तसेच ठेवले, आणि धुळाबरोबर चालत वस्तीकडे निघाला.

पण पुसलेल्या आकड्यावर मायाप्पा विश्वास ठेवीना. त्याला निरोप धाडून ओढ्यावर आणलं, तरी तो पलीकडेच. "काल एकोणीस, आज कायच न्हाय. उद्या काय सांगशिला? खडूच हाय त्यो."

आमच्या लोकांत एक रीत आहे. घोंगडी अंथरून तिच्यावर भंडारा टाकला की ती जागा बिरोबाची. तिच्यावर बसून कुणी खोटं बोलत नाही. भाऊबंदकी तिथे मिटते, सोयरिकी तिथे जुळतात. मायाप्पा म्हणाला, "ह्यो कारकून त्या घोंगडीवर बसून बोलंल, तर मी मानीन."

रेवणप्पाचा चेहरा पडला. साथ आल्यापासून तो लोकांना सांगत आला होता की परक्याच्या अंथरुणाला शिवू नका, पिसवा असतात. पण म्हाळसाबाईने मला ओढ्याकाठी अंथरलं तेव्हा त्याने जोडे काढले, धोतर सावरलं आणि तो माझ्यावर येऊन बसला. माझे सगळे केस त्याच्या पोटऱ्यांत घुसले. त्याने हूं का चूं केलं नाही. धुळाने त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

"मी परवा आत आलो नाही," तो म्हणाला. "कुत्र्यांना भ्यालो. रोगालाही भ्यालो. लांबून मोजलं आणि लिहून टाकलं. आता मी सगळी घरं बघितली, सगळ्यांच्या नाड्या बघितल्या. या वस्तीत रोग नाही. पण शहरात आहे, तो खरा आहे. म्हणून दोरी निघाली तरी वऱ्हाड आणू नका. नवरा, आईबाप आणि भट, बस्स. हेही मी घोंगडीवर बसूनच सांगतोय की हो."

मायाप्पाने वहाणा हातात घेतल्या, धोतर वर खोचलं, पाण्यातून चालत आला आणि रेवणप्पाच्या शेजारी माझ्यावर बसला. "इहीणबाई," तो म्हाळसाबाईला म्हणाला, "च्या टाका."

लिंबाआड कस्तुरा नाचली. कुणी बघितलं नाही, मी बघितलं.

लग्न झालं ते असं: नवरानवरी माझ्यावर, आणि नको नको म्हणतानाही आलेलं केमचं वऱ्हाड ओढ्यापलीकडे. रेवणप्पा काठी घेऊन त्यांना आवरत होता. त्यांनी तिकडूनच जोंधळ्याच्या अक्षता भिरकावल्या. नवरीच्या डोक्यावर चार दाणे पडले, बाकी सगळ्या ओढ्यातल्या माशांनी खाल्ल्या. वऱ्हाडाला जेवण डालग्यात घालून दोरावरून पाठवलं. एक डालगं मध्येच कलंडलं आणि कालवणाचा वाडगा पाण्यात गेला. त्यावरून व्याही रुसले, मग हसले. इतकं थोडं माणूस आणि इतका गोंधळ मी पुन्हा पाहिला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी कस्तुराबरोबर केमला आले. तिची मुलं माझ्यावर लोळली, करडं माझ्यात निजली, माझ्या एका कडेला उंदरांनी भोक पाडलं. आता माझे केस गेलेत आणि मी टोचतही नाही फारशी. सुरुवातीला मी उगाच फुशारकी मारली.

गेल्या आठवड्यापासून केममध्ये साथ आहे. पारावर तोच वाद. कुणी म्हणतो चार, कुणी म्हणतो चाळीस, कुणी म्हणतो काहीच नाही, सगळं बंद करायचं निमित्त. मोजणारा माणूस फिरतोय, आणि आजाऱ्याचं अंथरूण दारात टाकायची दवंडी इथेही झालीय. आणि आमच्या घरात म्हातारा मायाप्पा तापाने फणफणला. कस्तुराने त्याला वेगळ्या खोलीत निजवलं, मला त्याच्यावर घातलं. ताप काल उतरला. आज सकाळी त्याने भाकरी मागितली, वर मीठ कमी आहे म्हणून सुनेवर खेकसला. तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मग कस्तुराने त्याच्या अंगावरून मला काढलं.

"कुटं नेतीस गं?" म्हातारा घाबरून म्हणाला. "भायेर टाकू नगं. लोकं येडंवाकडं बोलतील. आपल्या घराम्होरं दोरी लागंल. कुणाला कळतंया?"

"लागू द्या की दोरी, मामंजी. चार दिस घरात बसू. शेजारी तान्ही लेकरं हायती."

तिने मला दारातल्या कुंपणावर पसरलं, दोन्ही टोकं नीट ताणली आणि आत गेली. या वेळी माझ्या शेजारी एकही बहीण नाही. ऊन छान पडलंय. गल्लीच्या तोंडाशी तो मोजणारा दिसतोय, नाकाला रुमाल लावलेला, बिचकत बिचकत येणारा. आमच्या घरी कुत्रं नाही.

ये बाबा, लांब उभा राहू नकोस. जवळ ये, दार वाजव, आत कोण आहे ते विचार, आणि मग मोज. मी एक.