दिवाणाची जागा

कडी निघत नव्हती. पावसाळाभर ओल धरून ती पडद्याच्या दांडीवर गंजली होती, आणि स्टुलावर उभी राहून सुनेत्रा तिला अंगठ्याने रेटत होती – जरा, अजून जरा – तोवर विटकरी पडदा कोंदट वासासकट तिच्या खांद्यावर आला आणि ऑक्टोबरचं ऊन खोलीभर पसरलं. शिरगावातल्या या दोन खोल्यांत वर्षातून तीनदा ती हे करायची. पावसाळ्यात जाड पडदे, आता फिकट पिवळे, थंडीत मरून रंगाचे... आणि पडद्यांबरोबर टीव्ही, खुर्च्या, सगळंच जागा बदलायचं. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, आईच्या खोलीच्या दाराला जीन्सच्या उरलेल्या तुकड्यांचा पडदा होता, अकरा वर्षं तोच. त्या निळ्याकडे बघत बघतच तिने ठरवलं होतं, आपल्या घरात ऋतू आलेला कळला पाहिजे.

“दिवाण तेवढा हलवू नकोस,” आतून भीमराव म्हणाले.

“नाही हलवत, बाबा.”

सासऱ्यांचे डोळे काचबिंदूने गेले त्याला दोन वर्षं झाली होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवलेला हा माणूस आता पावलांच्या अंदाजाने घरात फिरायचा. त्यांच्यासाठी तिने लॅबमधली नोकरी सोडली होती. सोड, असं कुणी म्हणालं नव्हतं – तिचा नवरा महेंद्र नुसता तिच्याकडे बघत राहिला होता, आणि ते पुरलं होतं.

दुपारी दोनला लोडशेडिंग सुरू झालं, पंखा थांबला, आणि तिने दिवाण खिडकीखाली ओढला. तिथे वारा होता. बाबा झोपलेत, उठले की सांगू. सांगणारच होते मी... पिवळे पडदे फुगले, भिंत उजळली, आणि कितीतरी महिन्यांनी तिला हे घर आपलं वाटलं. त्या वाटण्यात बाबा कुठेच नव्हते, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

चारला ते उठून बाहेर आले. ती स्वयंपाकघराच्या दारात होती. उंबऱ्यापासून पाच पावलं, मग वळणं, मग मागे चाचपणारा हात – आणि वेळ होता. किती, ते तिला नंतर ठरवता येईना. एक शब्द बोलण्याइतका नक्की होता. पण त्या वेळात तिला ‘हलवू नकोस’ ऐकू आलं, दर तासाला ‘सुनेत्रा, किती वाजले?’ ऐकू आलं, लॅबमधल्या तिच्या खुर्चीवर बसलेली दुसरी कुणी मुलगी दिसली... आणि तोंड उघडलं नाही. बाबा होते तिथे नव्हते. खाली होते.

उजवं मनगट मोडलं होतं. तिने त्यांना रिक्षातून नेऊन प्लास्टर घालून आणलं.

संध्याकाळी महेंद्र आला. “कसे काय पडले?” त्याने तिला विचारलं. ती सांगणार होती.

“पाय घसरला,” भीमराव म्हणाले. “मीच घाई केली.”

महेंद्रने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “हा दिवाण परत तिकडे सरकवू का?”

“राहू दे. इथं वारा येतो,” भीमराव म्हणाले.

तो अंघोळीला गेला. ती दिवाणावर बसून त्यांना वरणभात भरवू लागली. दोन घास त्यांनी घेतले.

“तू दारात होतीस ना तेव्हा?”

चमचा थांबला.

“चाहूल लागली होती तुझी. तू काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं, दिवाण आहे जागेवर. म्हणून बसलो.”

आवाजात काहीच नव्हतं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एरवी कुणाकडे बघता येणार नाही इतकं उघड, निरखून. राग असेल तर कुठे असेल, कपाळावर, ओठांच्या कडेला... तो असावा असं तिला वाटत होतं. त्यांनी ओरडावं, महेंद्रला हाक मारावी, मग तिलाही दोन वर्षांचं सगळं बोलून टाकता आलं असतं. पण त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, तिच्या हातावर पूर्ण भरवसा असल्यासारखं, आणि ती घास भरवत राहिली. हा भरवसा त्यांनी मुद्दाम ठेवलाय की तो खरंच अजून तसाच आहे – हे आता आपल्याला कधीच विचारता येणार नाही, असं तिला वाटलं. आणि याच माणसाजवळ उद्या, परवा, सगळे ऋतू आपल्याला असंच बसायचंय.