उरलेलं काडतूस

लोरेनने सामन्यातल्या शेवटच्या बाराचं काडतूस बापाच्या तळहातावर ठेवलं आणि मान दुसरीकडे वळवली. एल्डनला शंभर यार्डांवरचा निशाणाचा कागद अजून लख्ख दिसायचा, हातातलं मात्र दिसत नसे. त्यामुळे त्याच्या गोळ्या ओतायचं आणि काडतुसं भरायचं काम अलीकडे त्याची मुलगीच करायची. म्हाताऱ्याने काडतूस चाचपून आजाच्या त्या बारीक नळीच्या रायफलीत सारलं, टेबलावर कोपर रोवून गाल टेकवला आणि बार काढला.

"मधोमध!" दुर्बिणीला डोळा लावून व्हर्नन म्हणाला. क्लबातला तो सगळ्यांत जुना माणूस. "एल्डन, पहिला आलास की रे!"

"मग? नागडी गोळी आहे ती!" एल्डन उठून आपल्या पोराकडे, रसकडे वळला. "काय रे रस? आज चड्डी काढायला लावली तर थंडी वाजली वाटतं तुझ्या गोळ्यांना?"

टेबलांवरून हशा उसळला. रस दुसरा आला होता. तो आपली रायफल पुसत राहिला.

चड्डी म्हणजे गोळीच्या बुडाला बसवायची तांब्याची इवलीशी वाटी. ती असली की दारूचा जाळ शिशाला खात नाही, नळीत शिसं माखत नाही आणि गोळी झिजलेल्या नळीतूनही सरळ जाते. पण या सामन्यात वाटीला बंदी होती. उघड्या बुडाचं मऊ शिसं, बेताची दारू आणि जुनी रायफल, एवढ्यावर ज्याचा नेम लागेल तो खरा, असा पेनसिल्व्हेनियाच्या त्या टेकड्यांतल्या म्हाताऱ्यांचा हट्ट. रसने पोरवयात एकदा वाटी लावून हरीण मारलं होतं. तेव्हापासून बापाने त्याला सोडलं नाही. पोराच्या लग्नात, व्याह्यांसमोर, "हे आमचं चड्डीवालं," अशी ओळख करून दिली होती त्याने.

आणि गेल्या पानगळीत त्याच एल्डनच्या गोळ्या कागदभर विखुरल्या. आजाच्या रायफलीची नळी झिजून संपली होती. म्हातारा त्या दिवशी कोणाशी न बोलता गाडीत जाऊन बसला, घरी येऊन जेवला नाही, आणि मग हिवाळाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लोरेनला ते बघवेना. तिने गुपचूप वाट्या मागवल्या, वाटी बसेल असा साचा मागवला. काडतूस भरलं की गोळीचं बूड काडतुसाच्या पितळी नळकांड्यात जातं. बघणार कोण?

बघायची एक रीत होती, नाही असं नाही. प्रत्येकाने एक काडतूस मागे ठेवायचं, आणि पहिल्या आलेल्याचं ते दुसऱ्या आलेल्याने सर्वांदेखत फोडून गोळीचं बूड दाखवायचं. पण बाप पहिला येईल हे लोरेनच्या स्वप्नातही नव्हतं. तो शेवटचा येऊ नये, एवढंच त्या बिचारीला हवं होतं.

"बाबा, आधी जेवून घ्या ना," ती घाईने म्हणाली. "सगळं गार होतंय."

"गार होऊ दे. रस, ये इकडे. फोड आणि बघ बापाची गोळी."

रसने उरलेलं काडतूस पोकळ हातोडीच्या डोक्यात अडकवलं आणि हातोडी ओंडक्यावर आपटली. दोन ठोक्यांत गोळी सुटली. ती तळहातावर घेऊन त्याने उलटी केली आणि लगेच मूठ मिटली.

त्याने बहिणीकडे पाहिलं. लोरेनने नको म्हणून मान हलवली, इतकीशीच. रसने मूठ खिशाकडे नेली.

"काय रे?" एल्डन ओरडला. "नागडी बघून लाजलास? बायकोला विचारून येतोस का?"

पुन्हा सगळे खिदळले. रसचा हात खिशाशी थांबला. मग त्याने तो व्हर्ननसमोर धरला आणि मूठ उघडली. उन्हात तांबं चमकलं.

हसणं विझलं. व्हर्ननने गोळी उचलून नखाने खरवडून पाहिली.

"एल्डन, हिला वाटी आहे."

"मला काय सांगतोस?" म्हाताऱ्याला उत्तर शोधावं लागलं नाही. "मला हातातलं दिसत नाही, साऱ्या गावाला ठाऊक आहे. भरते ही." त्याने लोरेनकडे बोट केलं. "हिची आई तशीच होती. तोंडावर गोड आणि पाठीमागे लबाडी. बापाला चोर ठरवलंस ना, भवाने?"

ओळखीची माणसं लोरेनकडे बघत होती. तिने जेवणासाठी केलेली सफरचंदाची गोड पाई कोणी कापली नाही. व्हर्नन म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझा काय दोष? आजचं बाद. पुढच्या महिन्यात ये, आमच्यासमोर मार."

"येतो की!" एल्डन म्हणाला. "भितो की काय!"

परतताना गाडी लोरेनच चालवत होती. रिकामी रायफल मांडीवर आडवी घेऊन म्हातारा तीच पाई खात होता. पूल ओलांडल्यावर त्याने बोटं चाटली.

"मागे ठेवायची ती एक गोळी तरी साधी भरायचीस. एवढी अक्कल नाही?"

लोरेनचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "तुम्हाला माहीत होतं?"

"नळी कोण पुसतं? मीच ना? बर्फ वितळल्यापासून चिंधीला शिशाचा कण नाही. डोळे गेलेत, बोटं नाहीत गेली माझी. पुढच्या वेळी नीट कर."

मागचा ट्रक भोंगा वाजवून पुढे निघून गेला. लोरेनने गाडी पुन्हा चालू केली.

"करते, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी साध्याच भरते. सगळ्याच्या सगळ्या. तुम्ही सांगता तशा, नागड्या."

घर येईपर्यंत एल्डन नुसता त्या झिजलेल्या नळीवरून हात फिरवत राहिला.