कडेमहाराजांची दोन बोटं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, पायऱ्या भरल्या, उरलेली मंडळी खिडक्यांच्या कठड्यांवर बसली. कुणाची मान आखडलेली, कुणाचा गुडघा सुजलेला. व्यासपीठावर पांढऱ्या झुळझुळीत अंगरख्यातले कडेमहाराज माईकमध्ये कुजबुजत होते, कारण मोठ्याने बोललं की म्हणे ऊर्जा सांडते.

"तुमच्या पेशी आपसात भांडतायत. डॉक्टर काय करतात? भांडणाऱ्यांना गोळी देऊन झोपवतात. माझं कडं त्यांच्यात समेट घडवतं!"

टाळ्या कडाडल्या. आईने माझ्या मांडीवर चापट मारली. "बघ! तुला पटत नाही म्हणजे खोटंच असतं का?"

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि घरात माझी ख्याती शंकेखोर म्हणून आहे. त्यामुळे "कुणाला शंका आहे?" असं महाराजांनी विचारताच आईनेच माझा हात धरून वर केला. महाराजांनी मला व्यासपीठावर बोलावलं.

"डोळे मिटा," महाराज म्हणाले. "हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरा. मी दाबतो, तुम्ही पडू देऊ नका."

त्यांनी दोन बोटं टेकवली आणि माझा हात ओल्या टॉवेलसारखा खाली आला. मग त्यांनी मनगटात तांब्याचं कडं चढवलं. आता महाराज अख्ख्या पंजाने दाबत होते, कण्हत होते, दात खात होते. हात जागचा हलला नाही. सभागृह दणाणलं. हात खरोखर पडला होता आणि खरोखर टिकला होता. मी खाली उतरलो आणि गप्प बसलो.

भोगलं ते वहिनीने.

वहिनीला आमवात आहे. शरीराच्या रक्षणासाठी असलेली यंत्रणाच उलटते आणि स्वतःच्या सांध्यांवर तुटून पडते, असा हा आजार. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिची सूज आटोक्यात आली होती आणि वर्षभर फिजिओथेरपिस्ट बाईंकडे वजनांचा व्यायाम करून तिने इस्त्री पुन्हा हातात धरली होती. लाँड्रीत ती सलग दोन तास उभी राहायची. पण महाराजांचं फर्मान निघालं: गोळ्या बंद, वजनं बंद. "आजारी सांध्यावर वजन म्हणजे जखमेवर घण!"

आईने वहिनीच्या मनगटात कडं चढवलं आणि गोळ्या कपाटावर ठेवून दिल्या. दादाने मान डोलावली. मी तोंड उघडलं, तर वहिनीच म्हणाली, "भाऊजी, हात तुमचाच टिकला ना सगळ्यांसमोर?"

चौथ्या आठवड्यात तिचा हात इतका सुजला की कडं निघेना. कंगवा धरता येईना. दादा तिची वेणी घालू लागला, तीही वाकडी. महाराजांना विचारलं, तर ते प्रसन्न झाले. "जुनं विष बाहेर पडतंय. उत्तम लक्षण!" बरं वाटलं तर कड्यामुळे, दुखलं तर विषामुळे. या परीक्षेत नापास व्हायची सोयच नव्हती.

पुढच्या सभेला वहिनी हट्टाने पहिल्या रांगेत बसली. वर एक पोस्टमन डोळे मिटून हात पसरून उभा होता. ज्याचे सांधे दुखतात, त्याची नजर दुसऱ्याच्या सांध्यांवरच जाते. तिने माझी बाही ओढली.

"भाऊजी, आधी मनगटावर दाबलं. आता कोपरापाशी दाबतायत."

"मग?"

"अहो, बाई सुरुवातीला वाळूची पट्टी माझ्या कोपराच्या वर बांधायच्या. काही महिन्यांनी तीच पट्टी मनगटाला बांधली, तर हात उचलेना. मला वाटलं, पट्टी बदलली!"

आणि दादाच्या खांद्याचा आधार घेत ती उभी राहिली. "महाराज, आता कडं आहे ना? मग पुन्हा मनगटावरच दाबा. दोन बोटांनी."

"ताई, ऊर्जेची परीक्षा घ्यायची नसते."

"मग इतका वेळ काय चाललं होतं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पोस्टमनने डोळे उघडले. "दाबा हो महाराज, मी धरतो घट्ट."

महाराजांना अचानक जाणवलं की माईक त्यांची ऊर्जा शोषून घेतोय. तेव्हा वहिनी मला म्हणाली, "तुम्ही जा. माझ्या बोटांत जोर नाही."

मी गेलो. कडं घातलेल्या मनगटावर दोन बोटं दाबली, हात पडला. कडं काढून कोपरापाशी पंजाने जोर लावला, हात टिकला. मग पोस्टमनने माझा हात तसाच दाबून पाहिला, डोळे उघडे ठेवून. तेच झालं. दार कडेला ढकललं तर बोटाने उघडतं, बिजागरीपाशी ढकलायला खांदा लावावा लागतो. चमत्कार तेवढाच. कड्याच्या जागी रबरबँड घातला असता तरी चाललं असतं.

महाराजांची ध्यानाची वेळ झाली आणि ते मागच्या दाराने निघाले. तरीही काहीजण कडं मागायला त्यांच्यामागे धावलेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वहिनीला आधी रागावले, मग त्यांनी तपासलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. सूज उतरेपर्यंत वजनं नाहीत, फक्त हलक्या हालचाली. नंतर सगळं पहिल्यापासून. तिथून आम्ही फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. वर्षाची मेहनत गेली हे कळल्यावर ती तिथेच रडली. बाईंनी तिला रडू दिलं, मग म्हणाल्या, "व्यायामाने आजार जात नाही. पण स्नायू बळकट झाले की सांध्यांवरचा भार वाटून घेतात. हळूहळू येईल परत." आई कोपऱ्यात बसून होती. त्या दिवसापासून व्यायामाच्या वेळी वहिनीची खुर्ची तीच धरते.

वहिनी आता लाँड्रीत अर्धा तास उभी राहते. आजार आहेच.

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवताना डोळे मिटायला सांगितले, तर उघडे ठेवा. गोळ्या सोडायला सांगितल्या, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एखादी गोष्ट कशी घडली हे कळलं नाही, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. मला उमगलं नव्हतं, एवढंच खरं होतं. त्यावरून महाराज खरे ठरत नव्हते. त्या दिवशी मी मोठ्याने म्हणायला हवं होतं, "मला माहीत नाही, पुन्हा करून दाखवा." वहिनीचं एक वर्ष वाचलं असतं.