कपाळावरचा आकडा

मी लॅपटॉप बोलतोय, सानपाड्याच्या रखमाबाईंच्या कपाटावरून. माझ्या कपाळावर अजून माझ्या वेगाचा तो चकचकीत स्टिकर आहे: '४.७ गिगाहर्ट्झपर्यंत'. आकडा अंगठ्याएवढा आणि 'पर्यंत' मुंगीएवढं.

वाशीच्या दुकानात मला घ्यायला आले सयाजीराव, रखमाबाईंचे यजमान. तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या उचलणारे माथाडी. त्यांची लेक प्राची घरांचे आराखडे काढायला शिकलेली, तिच्यासाठी मी हवा होतो. सेल्समनने आकडा दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "गोनीवर पन्नास किलो छापलं की आत पन्नासच असत्यात. छापलंय म्हंजी हाय!"

तिथेच घात झाला. दुकानाच्या एसीत मी काही सेकंद तेवढा धावलोही. पण तेवढंच मला जमतं. काम लांबलं की अंग तापतं आणि जळून जाऊ नये म्हणून मी निम्म्या वेगावर येतो. हे दुकानात कुणीच सांगितलं नाही. मला याची लाज वाटते, पण त्याहून जास्त संताप येतो.

घरी आणल्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून रखमाबाईंनी माझ्याखाली गोधडीची घडी घातली. मी खालच्या जाळीतून श्वास घेतो. मायेने तीच बुजवली.

मे महिन्यात एका कंपनीने नोकरी देण्याआधी प्राचीची परीक्षा घेतली. एका फ्लॅटचा आराखडा काढून, त्यातून खोल्याखोल्यांत फिरवून आणणारा व्हिडिओ संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता. माझ्या आकड्याच्या भरवशावर तिने दुपारी बारापर्यंत आराखडा घोटून घोटून सुंदर केला आणि मग त्याचा व्हिडिओ तयार करायचं काम माझ्यावर सोपवलं. एक वाजेपर्यंत मी त्या गोधडीवर भाजून निघालो होतो. पाच वाजले तेव्हा व्हिडिओ निम्मासुद्धा झाला नव्हता. नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली.

"मशीन फाष्ट हाय, पोरी," सयाजीराव म्हणाले. "तूच उशिरा बसली आसशील."

"हो आबा. मीच स्लो आहे."

मला ओरडावंसं वाटलं. मी फक्त पंखा फिरवू शकलो.

त्यानंतर तिने अर्जच केले नाहीत. आता ती एका दुकानात बिलं फाडते. दसऱ्याला रखमाबाईंनी मला कपाटावरून उतरवून पुजलं आणि हळदकुंकू नेमकं त्या स्टिकरवर लावलं.

सयाजीराव, गोणीत पाच किलो कमी भरले तर तुमची पाठ लगेच ओळखते. माझं खोटं तुमच्या पाठीवर आलंच नाही, ते तुमच्या लेकीने उचललं. तेवढं तिच्या पाठीवरून उतरवा.