आत्याने मागून घेतलेलं प्रमाणपत्र

सेइनी परसात तारोची, अळूच्या जातीच्या कंदाची, पानं निवडत बसली होती. भाचा मोसेसे ब्रिस्बेनहून शिकून आला होता आणि उद्या, रविवारी, प्रार्थनेनंतर जेवणावळ होती. टोंगात अशा दिवशी आत्याच्या वर कुणी नसतं. ती मानाच्या चटईवर बसते, मागेल ते तिला मिळतं आणि तिला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मोसेसेने आंतरराष्ट्रीय आर्थिक आणि नागरी विकासाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र मिळवलं होतं. ते सोनेरी चौकटीत घालून त्याने विमानात मांडीवर धरून आणलं. गरिबांची वस्ती कशी सुधारावी, हे तिथे शिकवतात म्हणे. हे दिवटे एवढंच शिकून आले, की शहरालगतची जमीन विधवेच्या हाती राहिली म्हणजे वाया गेली. शेवटचा प्रकल्प त्याने आत्याच्या तारोच्या शेतावरच लिहिला होता. गुणही भरघोस पडले.

पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा अलिपाते कुंपणाबाहेरच थांबला.

"सेइनीताई, मी आता तुमच्याकडे कामाला येत नाही. तुमचा दीर सांगत फिरतोय, मी रात्रीचा इथे असतो म्हणून."

"अरे, वादळात तुझं छप्पर उडालं तेव्हा बायकापोरांसकट ओट्यावर झोपलास ना तू?"

"त्याला साक्षीदार मिळालाय, ताई. तुमचा मोसेसे. सोमवारी जमीन कचेरीत सांगणार आहे. जमीन दिराला, त्यावर लॉज, आणि मोसेसे तिथला मॅनेजर."

सेइनीच्या हातातलं पान फाटलं. नवरा गेल्यावर जमीन बायकोकडे हयातभर राहते. पण तिने दुसरं लग्न केलं किंवा तिचा कुणाशी संबंध निघाला, की काढून घेतात. विधुराला असली अट नाही. कायदा करणारे पुरुष होते आणि त्यांना स्वतःची चांगली ओळख होती. सेइनीला मुलगा नव्हता, मुली ऑकलंडला नांदत होत्या. त्यामुळे दीर फेलेती जमिनीवर डोळा ठेवून होता.

रविवारी फेलेतीने पोट पुढे काढून भाषण ठोकलं. "मोसेसेमुळे आपल्या बेटाचं नाव जगात होणार!" हा चर्चमधला मोठा भक्त. बायको वारल्यापासून दुकानवाली सिसिलिया त्याच्याकडे कधी येते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

मोसेसे आत्याच्या पायाशी बसला. "आत्या, काय हवं ते माग."

"ती चौकट दे."

"आत्या, ती... ती मला नोकरीला लागते गं."

"वहिनी, काहीतरीच काय!" फेलेती उठला. "डुक्कर घ्या, कापड घ्या."

"डुकरं घरी आहेत, भावोजी." ती भाच्याकडे वळली. "उद्या कचेरीत सांगणार आहेस ते आज इथे सांग. पाद्रीबाबा बसलेत, अलिपातेची बायको बसलीय. माझ्या घरात पुरुष पाहिलास?"

मोसेसेने मान खाली घातली. "नाही. फेलेतीकाका म्हणाले म्हणून..."

"आणि भावोजी, सिसिलिया येते तेव्हा तुमची जमीन कोण काढून घेतं हो?"

बायकांनी पंखे तोंडावर धरले, तरी हसू ऐकू आलंच. पाद्रीबाबांना अचानक रताळ्यात फार रस वाटू लागला. चौकट मुकाट्याने सेइनीच्या मांडीवर आली.

सोमवारी ती जमीन कचेरीत गेली, गावातल्या विधवांना सोबत घेऊन. आपली अब्रू सिद्ध करायला ती गेलीच नव्हती. ही अट विधुरांनाही लावा, नाहीतर आमच्या मानेवरची काढा, एवढंच तिला सांगायचं होतं.

कारकुनाने वर न बघता विचारलं, "बाई, जमिनीच्या गोष्टी कळायला शिक्षण किती झालंय तुमचं?"

सेइनीने चौकट त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे माझ्या जमिनीवर मिळालंय," ती म्हणाली. "आता वर बघा आणि बोला."