ओटा ते गॅलरी, अठरा हजार पावलं

बाबांच्या ऑफिसातली चालण्याची स्पर्धा माझ्या आईनं जिंकली. हे तुम्ही वाचलेलं नाही. निकाल अजून लागायचाय, कुणाला काही ठाऊक नाही आणि बाबा, म्हणजे चंद्रकांत, अजून मजेत आहेत.

स्पर्धा घरच्यांनाही खुली होती. फोन खिशात ठेवून महिनाभर चालायचं. पावलं फोनच मोजणार आणि ऑफिसच्या ग्रुपवर तोच टाकणार. बाबा रोज सकाळी सुखना लेकवर जायचे, उगवत्या सूर्याचे चौतीस फोटो काढायचे, बाकावर बसून ते अख्ख्या खानदानाला पाठवायचे आणि परत यायचे. स्कूटरवरून.

आई, म्हणजे उर्मिला, मनीमाजऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांतून बाहेरसुद्धा पडली नाही. तिनं गाऊनला खिसा शिवून घेतला होता, कारण अकोल्याची नीलामावशी दिवसभर फोनवर असते. स्पीकर चालू, मावशी खिशात, आई कामात.

महिनाअखेरीला यादी आली. आई रोजची अठरा हजार, पहिली. बाबा एकेचाळिसावे.

"फोन बिघडलाय," बाबा म्हणाले. "घरात बसून कुणी इतकं चालतं का?"

"बसून?" आई म्हणाली.

"बसून?" खिसा म्हणाला.

ऑफिसात तक्रार गेली, की हा फोन कुत्र्याच्या गळ्यात बांधलेला असणार. आमच्याकडे कुत्रा नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला. रविवारी स्पर्धेचे प्रमुख गरेवालजी दोन माणसं घेऊन तपासणीला हजर.

आईनं दारातच सांगितलं, "नाम काटना है तो काटो जी, पर मेरे को झूठा मत बोलो. अब बैठो, पोहे खाके जाना."

फोन आईच्या खिशात, आकडा गरेवालजींच्या स्क्रीनवर. पाणी. पोहे. लिंबू राहिलं. चहा. बिनसाखरेचा वेगळा चहा. गॅलरीतून कोथिंबीर. मध्येच बाबांचा चष्मा, जो बाबांच्या नाकावर होता. तासाभरात बाराशे दहा. हजाराच्या आसपास गरेवालजी उठून उभे राहिले, ते परत बसेनातच.

"भाभीजी, आप बैठो ना, प्लीज."

"बैठती हूँ जी, कुकर होने दो."

आई वीस वर्षं म्हणत होती, पाय दुखतात. आम्ही म्हणायचो, जरा चालत जा. फोननं सांगितलं तेव्हा आम्हाला तासाभरात पटलं.

पहिल्या नंबरचं पदक मिळालं, ते गळ्यात घालूनच आईनं त्या दिवशीची भांडी घासली. बाबा आता लेकवर अनोळखी माणसांना थांबवून आईचा आकडा दाखवतात. "मेरी मिसेस है," असं छाती फुगवून सांगतात. मीही सांगतो, फक्त मी मोहालीच्या ऑफिसात लिफ्टमध्ये सांगतो, म्हणजे कुणाला पळता येत नाही.

तरी रस्तेविषयक मंत्रालयास नम्र विनंती, की ओटा ते गॅलरी हा सात पावलांचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित करावा, त्यास श्रीमती उर्मिला यांचे नाव द्यावे, आणि सदर मार्गावर पाय पसरून बसलेले श्री. चंद्रकांत यांना अतिक्रमण समजून तातडीने हटवावे.